केतले यांचे गृहीतक

फ्रान्सच्या न्यायखात्याने १८२७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. १८२५ या वर्षात देशातील फौजदारी न्यायालयांपुढे किती आरोपी उभे राहिले आणि त्यांपैकी किती दोषी ठरले, याची ती मोजदाद होती. पुढे हा अहवाल दरवर्षी निघू लागला आणि अभ्यासकांना एक विलक्षण गोष्ट दिसली. आरोपी दरवर्षी निराळे असत, आकडे मात्र फारसे हलत नसत. आंद्रे-मिशेल गेरी यांनी १८३३ मध्ये या आकड्यांवरून फ्रान्सचे ‘नैतिक’ नकाशे रेखाटले. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांना तर वाटू लागले की, समाज तुरुंगांचे आणि फाशीच्या तख्ताचे जणू वार्षिक अंदाजपत्रकच मांडत असतो.

या मांडणीतला कच्चा दुवा केतले यांना ठाऊक होता. घडणारे सगळे गुन्हे न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत. घडलेल्या आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचे परस्परप्रमाण जवळपास स्थिर असते, असे मानल्याखेरीज या आकड्यांवरून काहीच सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. ते गृहीत धरून ते पुढे गेले. युरोपातील गुन्हेगारीच्या तुलनेचा त्यानंतरचा इतिहास हा बव्हंशी या एका गृहीतकाशी चाललेला झगडा आहे.

एका देशापुरते हे गृहीतक कसेबसे टिकते. सीमा ओलांडली की कोसळते. स्वीडनमध्ये तक्रार आली की गुन्हा आकडेवारीत जातो. एखाद्या स्त्रीने वर्षभरात पतीकडून अनेकदा बलात्कार झाल्याचे सांगितले, तर प्रत्येक प्रसंग स्वतंत्र मोजला जातो. जर्मनीत पोलिसांची गणना तपास संपवून प्रकरण सरकारी वकिलाकडे जाताना होते. कुठे खुनाचा प्रयत्नही खुनाच्या रकान्यात बसतो, कुठे बसत नाही. अशा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले तर कारकुनीची तुलना होते, गुन्ह्यांची नव्हे. तरीही स्वीडनच्या बलात्कारांचा मोठा आकडा राजकीय प्रचारात पुरावा म्हणून वारंवार फिरवला गेला. हान्स फॉन होफर यांनी २००० सालीच दाखवून दिले होते की, त्या आकड्याचा बराचसा भाग कायद्याच्या व्याख्येतून आणि मोजण्याच्या पद्धतीतून आलेला आहे.

या गोंधळातून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट नोंदवह्या समजून घेण्याची. मार्टिन किलियास यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या एका गटाने युरोपभरच्या पोलीस, न्यायालय व तुरुंग यांच्या आकडेवारीचा संदर्भग्रंथ तयार केला आणि युरोप परिषदेने तो १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. आकड्यांसोबत त्यांच्या व्याख्या आणि मोजणीचे नियमही त्यात दिलेले होते. आकड्यापेक्षा तळटीप महत्त्वाची, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरी वाट अधिक धाडसी होती: पोलिसांना वगळून थेट माणसालाच विचारायचे. यान फान डाइक, पॅट मेह्यू आणि किलियास यांनी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पीडित-सर्वेक्षण सुरू केले. प्रश्नावली सर्वत्र एकच: घरफोडी झाली का, सायकल चोरीला गेली का, मारहाण झाली का, आणि झाली असल्यास पोलिसांना कळवलेत का? १९९० च्या दशकातील फेऱ्यांत युरोपाबाहेरच्या काही शहरांबरोबर मुंबईही होती. या शेवटच्या प्रश्नाने केतले यांच्या गृहीतकाचा निकाल लावला. विम्याचे पैसे मिळवायचे असल्याने मोटारीची चोरी बहुतेक जण कळवतात. लैंगिक अत्याचार मात्र बहुतेक वेळा मनातच राहतो. सांगितलेले आणि दडलेले यांचे प्रमाण गुन्ह्यागणिक बदलते, देशागणिक बदलते.

पण माणसाला विचारले म्हणून तो सांगतोच असे नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतील सुमारे ४२,००० स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. वयाच्या पंधराव्या वर्षापासून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण डेन्मार्कमध्ये ५२ टक्के निघाले आणि पोलंडमध्ये १९ टक्के. डेन्मार्कमधील स्त्री अधिक असुरक्षित आहे, की ती अधिक मोकळेपणाने बोलू शकते? आकड्यात दोन्ही मिसळलेले असतात आणि केवळ संख्येवरून ते वेगळे करता येत नाहीत.

संघाच्या सर्व देशांत एकच सुरक्षा-सर्वेक्षण घेण्याचा प्रस्ताव युरोपीय संसदेने २०१२ मध्ये फेटाळला. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गुन्ह्यांचे नवे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले. कायद्याने कृत्याला कोणते नाव दिले यापेक्षा प्रत्यक्ष कृत्य काय घडले, यावर ते आधारलेले आहे. यामुळे रकाने जुळू लागतील. रकान्यापर्यंत पोहोचण्याचे धैर्य मात्र कोणतेही वर्गीकरण पुरवू शकत नाही.

म्हणूनच या आकडेवारीत मला सर्वांत धोक्याचे वाटतात ते लहान आकडे. मोठा आकडा निदान वाद उभा करतो. लहान आकड्याच्या देशात मंत्री समाधानाने निवेदन करतात, आणि कुठेतरी एखादी स्त्री पोलीस चौकीच्या पायरीवरून परत फिरते. तिच्या परत फिरण्याची नोंद पोलिसांच्या कोणत्याच नोंदवहीत होत नाही; उलट तिच्यामुळे देश थोडा अधिक सुरक्षित दिसतो.