कमाटीबागेतले पाच तास

स्वातंत्र्याचे स्मारक म्हटले की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे पणजीचे आझाद मैदान उभे राहते. ज्या मैदानावर पूर्वी आल्बुकेर्कचा पुतळा होता, तिथे आज टी. बी. कुन्हा यांच्या अस्थी आहेत. परकी सत्ता गेली, एवढा त्या जागेचा सरळ अर्थ आहे.

वडोदऱ्यातले एक स्मारक मात्र इतके सरळ नाही. तिथे कारेलीबागेत आप्तांकडे माझा मुक्काम होता. तिथून सयाजीबाग जवळच. जुनी मंडळी तिला कमाटीबाग म्हणतात. 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे शहर गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची राजधानी होते. या बागेतल्या संकल्पभूमीला मी मुद्दाम गेलो. तिथे कोणी गोळी झेलली नव्हती की कोणता झेंडा उतरला नव्हता. एक तरुण तिथे पाच तास गाडीची वाट पाहत बसला होता.

तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि कराराप्रमाणे सप्टेंबर 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले. नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. भीमरावांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी जागा झाली नाही. रात्री मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी या बागेत काढले.

म्हणजे हिंदू, पारशी, ख्रिस्ती या तिन्ही दारांवर एकच उत्तर! धर्म बदलला तरी जात उंबरठा ओलांडून आत येते, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आणि हे घडले कुठे? ज्या संस्थानात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते, तिथे! राजाने अमेरिकेची वाट उघडून दिली; त्याच्या राजधानीला एक खोली देता आली नाही.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात बाग आहे, डोळ्यांतले पाणी आहे, आईवडिलांची आठवण आहे. वडाचा उल्लेख नाही. वडाची आणि संकल्पाची खूण जपली ती त्यांच्या मागून येणाऱ्या लोकांनी. 23 सप्टेंबरला लोक इथे जमतात. 2022 साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ही जागा राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित करावी अशी शिफारस केली. लोकांनी आधी मानले, सरकारी कागद मागून आला.

आपण 19 डिसेंबर 1961 ही तारीख साजरी करतो, आणि ती करायलाच हवी. पण ती तारीख राज्यकर्ता बदलल्याची आहे. अस्पृश्यता संविधानाच्या 17व्या कलमाने 1950 सालीच बेकायदा ठरली. तरी भाड्याने खोली देताना आधी आडनाव विचारणारी घरे पणजीत नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? वडोदऱ्यास गेलात तर राजवाडा जरूर पाहा, पण त्यानंतर या वडाखाली थोडा वेळ बसा. पाच तास म्हणजे किती असतात, याचा अंदाज येतो.