ट्रकचा ईसीएम ‘गेला’ म्हणतात, पण खरंच गेलाय का? नवा घेण्याआधी हे तपासा

रत्नागिरी : गाडी घाटात चढाला लागली की पिकअप सोडते. चेक इंजिनचा दिवा लागतो, विझतो, परत लागतो. मग एक दिवस सेल्फ कितीही मारला तरी इंजिन उचलत नाही. टोचन करून गाडी गॅरेजला नेली की स्कॅनर लागतो आणि निकाल येतो, “ईसीएम गेला.” हे ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण हा हाताएवढा डबा छोट्या गाडीलाही काही हजारांत जातो आणि मोठ्या ट्रकला लाखाच्या पुढे जाऊ शकतो. त्यात एप्रिल-मे असेल, हापूसच्या पेट्या वाशीला पोचवायच्या असतील, तर उभ्या गाडीचं नुकसान वेगळं आणि हप्ता वेगळा.

पण ईसीएम गेला म्हणून आणलेल्या बऱ्याच गाड्यांत तो डबा चांगला असतो. दोष त्याला येणाऱ्या करंटमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर कपलरमध्ये निघतो. अशा गाडीला नवा ईसीएम लावला तर दोन दिवस बरं वाटतं किंवा तेवढंही वाटत नाही, आणि पैसे मात्र गेलेले असतात. इलेक्ट्रिकलचा विकलेला माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.

हा डबा करतो काय?

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मोड्यूल. कोणी ईसीयू म्हणतात, गॅरेजात सरळ ‘मेंदू’ म्हणतात. पूर्वीच्या ट्रकला किती डिझेल द्यायचं ते पंपच ठरवायचा, तशी गाडी असेल तर हा विषय तुमचा नाही. कॉमन रेल इंजिनात क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, ॲक्सिलरेटर यांच्याकडून माहिती घेऊन कुठला इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ईसीएम ठरवतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतर युरिया, सायलेन्सरमधले फिल्टर आणि सेन्सर यांचाही हिशेब इंजिनाच्या या कंट्रोलशी जोडला गेला. त्यामुळे गाडीत काहीही बिघडलं तरी दिवा एकच लागतो आणि बोट ईसीएमकडे जातं.

कोकणात बिघाड कुठून येतो

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. किनाऱ्याला खारी हवा. मच्छीच्या गाडीचं तर विचारूच नका, बर्फाचं खारट पाणी चासीवर आणि वायरिंगवर सतत ठिबकत असतं. कपलरच्या आत हिरवी बुरशी धरली की समजायचं, तांब्याची पीन खाल्ली गेली. चिऱ्याच्या गाडीत लाल धूळ कपलरमध्ये बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. पावसात चार दिवस गाडी उभी राहिली तर उंदीर वायरीवर दात मारतात, ते वेगळंच.

दोन चुका मात्र माणसाच्या आहेत. गरम इंजिनावर प्रेशरचं पाणी मारणं ही पहिली. गरम डबा एकदम थंड झाला की सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेतो. दुसरी चूक, बॅटरी न काढता चासीला किंवा फाळक्याला वेल्डिंग मारणं. वेल्डिंगचा करंट अर्थिंगमधून फिरून ईसीएममध्ये घुसू शकतो. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, वेल्डिंगची अर्थ जिथे काम आहे तिथेच जवळ लावा, आणि ईसीएमचा कपलर सोडवला तर आणखी बरं. १२ व्होल्टच्या पिकअपला ट्रकच्या २४ व्होल्टवरून चालू करण्याचा उद्योगही कोणी करू नये.

पुराची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा एसटी आगारातल्या बसगाड्यासुद्धा बुडाल्या होत्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर “बघूया चालू होते का” म्हणून चावी फिरवायची नाही. ओल्या पिनांत करंट गेला की त्या काही वेळात कुजायला लागतात, आणि इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढायची, फोटो काढायचे, मग विमा कंपनीला फोन.

नवा घेण्याआधीची तपासणी

बॅटरीपासून सुरुवात करा. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना व्होल्टेज १८ च्या खाली बसत असेल तर ईसीएम मध्येच बंद पडतो, आणि तो मेला असं वाटतं. नंतर ईसीएमचे फ्यूज आणि रिले. रिले बदलून बघायला पाच मिनिटं लागतात आणि खर्च थोडका, तरी तीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

मग कपलर काढून त्यात येणारा करंट मोजा. इथे एक फसगत आहे. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टीमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, पण त्या वायरीत जोर नसतो. म्हणून २४ व्होल्टचा बल्ब लावून बघायचा. बल्ब भगभगीत पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर दोष सापडला. हे करताना कपलरच्या पिनेत जाड तार खुपसू नका, पीन सैल होते आणि नवा दोष तयार होतो. अर्थिंगसाठी कपलर जोडून स्विच ऑन ठेवा, आणि बॅटरीचं निगेटिव्ह व ईसीएमची अर्थ वायर यांच्यात व्होल्टेज मोजा. जवळपास शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टपर्यंत जात असेल तर चासीवरचा अर्थिंगचा नट काढून, गंज घासून परत बसवा.

स्कॅनरवर पाच-सहा सेन्सरचे कोड एकदम आले तर वायरमन लगेच ईसीएमवर बोट ठेवतो. पण या सेन्सरना ईसीएमकडूनच ५ व्होल्ट जातात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की ती लाईन बसते आणि तिच्यावरचे बाकीचेही चुकीचं सांगायला लागतात. एकेका सेन्सरचा कपलर काढत जायचं. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या कॅनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर लाईन कुठेतरी तुटली, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

हे सगळं बरोबर असूनही ईसीएम बोलत नसेल, किंवा पी ०६०६, पी ०६०१ असे कोड (मोठ्या गाड्यांत एसपीएन ६२९, एफएमआय १२) पुसल्यावर पुन्हा पुन्हा येत असतील, तरच डब्यावर संशय घ्यायचा.

बदलायचा ठरला तर

नुसता डबा आणून बसवला की काम झालं, असं होत नाही. डब्यावरचा पार्ट नंबर जुळला तरी आतलं सॉफ्टवेअर तुमच्या गाडीचं असावं लागतं. चासी नंबर लिहावा लागतो. इमोबिलायझर असेल तर चावी जोडून घ्यावी लागते. बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो, तो त्या त्या सिलिंडरप्रमाणे भरावा लागतो. तो चुकला किंवा गाळला तर गाडी चालू होते, पण धूर मारते, ठोकते आणि डिझेल खाते. जुना ईसीएम थोडा जरी बोलत असेल तर त्यातली माहिती आधी काढून घ्यायला सांगा. फ्लॅशिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबाही जागेवर जाऊ शकतो.

भंगारातला जुना ईसीएम स्वस्त पडतो, पण त्यात दुसऱ्याच गाडीचा चासी नंबर आणि चावी असते. तो पुसून देणारा माणूस आधी शोधा, मग डबा घ्या. दुरुस्तीचं म्हणाल तर सोल्डर सुटलेला किंवा एखादा पार्ट जळालेला ईसीएम दुरुस्त होऊ शकतो. खाऱ्या पाण्याने आतली पट्टी कुजली असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. “जाता जाता युरियाची सिस्टीमपण बंद करून देतो” असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मेकॅनिक त्यात हात झटकतो.

बिल आणि विमा

कामाआधीचा आणि कामानंतरचा स्कॅन रिपोर्ट मोबाइलवर मागून घ्या. जुना डबा ताब्यात घ्या. बिलावर पार्ट नंबर, सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड साध्या विमा पॉलिसीत बसत नाही. पुराने झालेलं नुकसान फुल इन्शुरन्समध्ये बसतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मात्र काही उघडू नका.

चांगला ईसीएम खराब म्हणून बदलला असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करता येतो, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ट्रक धंद्याचा आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा सांगेल. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरला जातो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.