होम स्टुडिओ : घरचे ध्वनिमुद्रण, गाण्याचा हक्क

स्वतः लिहिलेले आणि स्वतः चाल लावलेले गाणे राहत्या घरातच ध्वनिमुद्रित करण्याच्या व्यवस्थेला ‘होम स्टुडिओ’ असे म्हणतात. एकेकाळी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठा स्टुडिओ, तासावर आकारले जाणारे भाडे आणि तो खर्च उचलणारी कंपनी, असेच समीकरण होते. खर्च कंपनीचा असल्याने तयार ध्वनिमुद्रणाची मालकीही बहुधा तिच्याकडेच जाई.

हे चित्र बदलण्यास १९७९ साली चालना मिळाली. त्या वर्षी जपानच्या टिॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक नोंदविण्याची सोय त्यात होती. त्यामुळे एकच कलावंत आधी गिटार वाजवून, नंतर ती ऐकत गाऊ शकत असे. अमेरिकी गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर नवी गाणी नोंदविली. आपल्या वाद्यवृंदाला ती समजावीत, एवढाच त्यामागे हेतू होता. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटमधला भाव उतरेना. अखेर त्याच कॅसेटवरून ‘नेब्रास्का’ हा अल्बम सप्टेंबर १९८२ मध्ये प्रकाशित झाला.

१९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी आणि संगणकाशी जोडता येऊ लागली. पुढे ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअर घरगुती संगणकावर आली. अमेरिकी गायिका बिली आयलिश हिचा २०१९ मधील पहिला अल्बम लॉस एंजेलिस येथील घरात, तिच्या भावाच्या लहानशा खोलीत तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अशा स्टुडिओसाठी संगणक, मायक्रोफोन, हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस ही सामग्री पुरेशी असते. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युत संदेशाचे अंकांत रूपांतर करण्याचे काम इंटरफेस करतो. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट हे प्रमाण आहे. ध्वनिमुद्रण करताना मात्र २४ बिट सोयीचे ठरते, कारण आवाजाची पातळी थोडी खाली ठेवली तरी खरखर वाढत नाही. पातळी कमाल मर्यादेबाहेर गेल्यास आवाज फाटतो आणि तो दोष नंतर पूर्णपणे दूर करणे कठीण असते.

महागड्या मायक्रोफोनपेक्षाही खोलीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. उघड्या भिंतींवरून परतणारा ध्वनी मूळ आवाजात मिसळतो. कपड्यांनी भरलेले कपाट, पुस्तकांची मांडणी, जाड पडदे आणि गाद्या यांमुळे हा घुमारा कमी होतो. मात्र रस्त्यावरची वाहने किंवा शेजारच्या कुकरची शिटी त्यांनी थांबत नाही. त्यासाठी जड आणि हवाबंद बांधकाम लागते. म्हणूनच शहरातील सदनिकेत पंखा बंद करून रात्री उशिरा किंवा पहाटे गाणे हाच सोपा उपाय ठरतो.

गाण्याची पट्टी आणि लय आधीच निश्चित करणे इष्ट असते. ऱ्हस्व अक्षरावर चाल रेंगाळली, की मराठी शब्दाचा उच्चार बिघडतो. एकाच वाद्याच्या साथीने केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणात असे दोष चटकन लक्षात येतात.

घरच्या स्टुडिओतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हक्क. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रित गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. शब्द व चाल यांचे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. वादप्रसंगी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. रॉयल्टीतील समान वाटा मिळण्याचा गीतकार व संगीतकारांचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने सुरक्षित केला असून, वारस किंवा कॉपीराइट संस्था वगळता तो कोणालाही देऊन टाकता येत नाही.

गीतकार, संगीतकार आणि निर्माता एकच व्यक्ती असल्यास हे तिन्ही हक्क तिच्याकडेच राहतात. मित्रांनी शब्द, चाल किंवा वादनात भर घातली असल्यास कोणाचा वाटा किती, हे गाणे प्रकाशित होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. तारखेसह कच्चे मसुदे आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात.