आधी लिहा की आधी विचारा?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप आणि डोक्यात एक जुना किस्सा. आमच्या टीमची सगळी माहिती तेव्हा विकीवर असायची. नवं रिलीज सर्व्हरवर कसं टाकायचं, त्याचंही एक पान होतं. कोणीतरी चांगल्या हेतूने त्यातली एक कमांड 'सुधारली'. रात्री दोन वाजता मी ती जशीच्या तशी चालवली आणि चालू सर्व्हर बंद पाडला. पानाला हिस्टरी होती हो, पण ती मी पाहिली सकाळी!

वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ ला पहिली विकी सुरू केली. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. आधी लिहा, चुकलं तर दुसरा कोणी दुरुस्त करेल. याउलट लिनक्स कर्नलची रीत: पॅच आधी तपासायचा, मगच आत घ्यायचा. त्याच कामासाठी लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मोझिलाने वेब डेव्हलपरांसाठी विकी उघडली. तीच आपली एमडीएन. मीडियाविकी, मग डेकीविकी, मग घरचंच कुमा, अशी सॉफ्टवेअरं बदलत ती पंधरा वर्षं विकीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मात्र सगळा मजकूर गिटहबवर गेला.

फायदा उघड आहे. विकीत प्रत्येक पानाची हिस्टरी वेगळी. शंभर पानांतला एक शब्द बदलायचा तर शंभर नोंदी. गिटमध्ये तो एकच कमिट. छापण्याआधी कोणीतरी वाचतो आणि चुकलंच तर एका झटक्यात मागे घेता येतो.

पण किंमतही मोजावी लागली. साधा टायपो सुधारायलाही आता पुल रिक्वेस्ट. आणि स्थलांतरात इंग्रजीखेरीज बाकी भाषांतली पानं गोठवली गेली. पुढे जिथे तपासणारी माणसं उभी राहिली, त्याच भाषा पुन्हा उघडल्या.

इथे मी थबकतो. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. 'आधी तपासनीस आणा' अशी अट तेव्हा असती, तर पहिलं पान तरी लिहिलं गेलं असतं का?

म्हणून माझ्यापुरता हिशोब असा: ज्या ओळीने सर्व्हर बंद पडू शकतो, ती गिटमध्ये. जिथे अजून लिहिणारेच जमायचेत, तिथे विकी.

असो. चहा गार झाला.