गोव्यातून फुटलेले गुपित

पोर्तुगालचे राजपद १५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेले आणि लिस्बन, गोवा, मलाक्का, मनिला, मेक्सिको एकाच राजाच्या अमलाखाली आले. या अवाढव्य सत्तेचे मर्म उघड केले एका कारकुनाने. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आला. पाच वर्षांत त्याने पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली सागरी मार्ग, वारे व बंदरांची टिपणे नकलून घेतली. (ही फितुरी लिस्बनच्या नजरेने, डचांच्या लेखी देशसेवाच.) मलाक्क्याला पोर्तुगीजांचा पहारा असल्याने सुंदाच्या सामुद्रधुनीतून जावा गाठावे, असा त्याचा सल्ला होता.

फिलिपने आपली बंदरे डचांना बंद केल्याने मिरी थेट आणणे त्यांना भाग होते. कॉर्नेलिस द हाउटमनची चार जहाजे १५९५ मध्ये निघून पुढच्या वर्षी बांतमला पोहोचली. सुमारे अडीचशेपैकी शंभर माणसेही परतली नाहीत, नफाही बेताचाच. पण वाट सापडली होती. लिन्सखोटेनचा ग्रंथ १५९८ मध्ये इंग्रजीत आला. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. मार्च १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली. मलाक्का १६४१ मध्ये डचांनी घेतले. गोवा मात्र त्यांच्या नाकेबंद्या सोसूनही १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले.