केडगावची प्रीती

मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रेम’ यापेक्षा ‘प्रीती’ हा शब्द अधिक कानी पडतो. ईश्वर माणसाच्या योग्यतेचा हिशेब न करता त्याच्यावर प्रीती करतो आणि ज्याला ती लाभली त्याने ती तशीच पुढे द्यायची, हा त्याचा थोडक्यात अर्थ. सांगायला सोपा, आचरायला कठीण. तो आचरणाऱ्यांत मला प्रथम आठवतात पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 साली सह्याद्रीतल्या गंगामुळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कारकळकडचे. भोवती कन्नड-तुळू आणि घरात मराठी, हे चित्र आपल्याला परके नाही.

1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन 1883 साली त्या इंग्लंडला पोचल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना इतक्या मायेने कुणी जवळ घेते, हे त्यांना नवे होते. कारण विचारता योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी सेवा दिसली, मग सिद्धांत कळला. तरीही त्यांनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली नाही. भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्या पत्रांतून निर्भीडपणे वाद घालत. धर्म मिळाला, पण ख्रिस्त उमगला तो 1891 च्या सुमारास, असे त्यांनीच पुढे लिहिले.

1889 मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तिथे मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. आपण स्वतः भोगलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे सारे बायकाच चालवीत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. 1912-13 च्या सुमारास गुलबर्ग्यासही या मायलेकींनी शाळा काढली.

या मुलींपैकी बऱ्याच जणी ख्रिस्ती झाल्या. अन्न देणाऱ्या हातातून आलेला धर्म कितपत मोकळेपणाने स्वीकारला जातो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. पण ज्यांना कुणीच दार उघडले नव्हते त्यांना ते कुणी उघडले, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय रमाबाईंचा इतिहास पुरा होत नाही, असे मला वाटते.

त्यांचे अखेरचे मोठे काम भाषेचे होते. प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, म्हणून या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत नवे भाषांतर केले. त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळवले. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या; त्या दुःखातही रमाबाईंनी हे काम तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले. जिच्यासाठी बोलायचे तिला समजेल असे बोलणे, हाही प्रीतीचाच एक भाग त्यांनी मानला. दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.