नॉयश्वानस्टाइनचा महाल कसा पाहावा

म्यूनिकहून सकाळच्या आगगाडीनें निघालेला प्रवासी सुमारें दोन तासांनीं फ्यूसेन या आल्प्सच्या पायथ्याच्या लहान शहरीं उतरतो. स्टेशनाबाहेर बस उभी असते. ती त्याला थोड्याच मिनिटांत होहेनश्वानगाउ या खेड्यांत आणून सोडते. तेथें मान वर करतांच काळपट हिरव्या रानांतून डोकावणारा एक पांढरा महाल दिसतो. त्याचे निमुळते मनोरे प्रवाशानें पूर्वीं दिनदर्शिकांवर आणि मुलांच्या पुस्तकांत कितीदां तरी पाहिलेले असतात. येथवर सारें सोपें आहे. घोटाळा होतो तो यापुढें. कित्येक जण त्या मनोऱ्यांच्या ओढीनें तसेच डोंगर चढूं लागतात, पाऊण तासानें घामाघूम होऊन दरवाजाशीं पोंचतात, आणि तिकीट वर मिळत नाहीं, तें खालीं गांवांत मिळतें, हें त्यांना तेथें समजतें. पुन्हां खालीं यावें, तों त्या दिवसाचीं तिकिटें संपलेलीं असतात. पृथ्वीच्या पाठीवरून इतकी मजल मारून आलेला माणूस मग बाहेरून महालाचीं छायाचित्रें काढून परत फिरतो.

ही फजिती टाळणें अवघड नाहीं. येथें वर्षाकाठीं दहा लाखांहून अधिक लोक येतात आणि उन्हाळ्यांतील गर्दीच्या दिवशीं हा आंकडा सहा हजारांवर जातो. ज्या खोल्यांतून या लोकांना न्यावयाचें, त्या मात्र एका माणसाच्या एकांतासाठीं बांधलेल्या आहेत. म्हणून येथील व्यवस्था कडक आहे. प्रत्येक तिकिटावर आंत जाण्याची नेमकी वेळ छापलेली असते, आणि ती चुकली कीं तिकीट वायां जातें. आतां इंटरनेटवरून आगाऊ नोंदणी करतां येते. ती कांहीं आठवडे आधीं करून ठेवावी, आणि वेळ निवडतांना आगगाडी, बस व डोंगराचा चढ यांचा हिशेब सैल हातानें करावा. गांवापासून महालापर्यंतची वाट सुमारें दीड किलोमीटरची, पण चढाची आहे. चांगल्या चालीच्या माणसाला तीस ते चाळीस मिनिटें लागतात. घोडागाडी मिळते, परंतु तीही अगदीं दारापर्यंत जात नाहीं. शेवटचा चढ पायींच चढावा लागतो. बस जाते ती महालाच्याही वर, पुलाजवळ, आणि तेथून उतरत यावें लागतें. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी: आंतही जिने पुष्कळ आहेत. मोठ्या पिशव्या आंत नेतां येत नाहींत, छायाचित्रें घेतां येत नाहींत, आणि सगळा फेरा अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतो.

हा अर्धा तासच खरी अडचण आहे. एवढ्या वेळांत डोळे दिपतात, पण समजत कांहींच नाहीं. ज्याला काय पाहावयाचें हें आधीं ठाऊक नसेल, तो सोनेरी भिंतींची एक मिरवणूक पाहून बाहेर पडतो.

मराठी प्रवाशाची येथें आणखी एक गंमत होते. ज्यानें रायगड किंवा राजगड पायांखालीं घातला आहे, तो कोणत्याही डोंगरावरील वास्तूकडे गडाच्या नजरेनें पाहतो. पाण्याचीं टांकीं कोठें आहेत, धान्याचें कोठार कोठें, तोफा कोणत्या बुरुजावर, शत्रु आला तर कोणत्या वाटेनें येईल, हे प्रश्न त्याच्या मनांत आपोआप उभे राहतात. नॉयश्वानस्टाइनला या प्रश्नांचें उत्तर नाहीं. तेथील मनोऱ्यांवर तोफ कधीं चढली नाहीं आणि तेथील दरवाजानें कधीं वेढा पाहिला नाहीं. योगायोग असा कीं, २०२५ च्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें भरलेल्या युनेस्कोच्या एकाच अधिवेशनांत मराठ्यांचे बारा किल्ले आणि बव्हेरियाच्या या राजाचे महाल, दोन्ही जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले. एका बाजूला राज्य उभें करण्यासाठीं बांधलेले दुर्ग. दुसऱ्या बाजूला हातचें राज्य निसटत असतां एका राजानें स्वतःसाठीं उभारलेलें गडाचें चित्र.

नांवाविषयींही एक शब्द सांगितला पाहिजे. 'श्वान' ऐकून मराठी कानांनीं दचकूं नये. जर्मन भाषेंत श्वान म्हणजे हंस, नॉय म्हणजे नवा आणि स्टाइन म्हणजे पाषाण. हंस हें त्या खोऱ्यांतील जुन्या सरदारांचें चिन्ह होतें. पण हें नांव राजानें स्वतः कधीं ऐकलेंच नाहीं. त्याच्या हयातींत या वास्तूला होहेनश्वानगाउचा नवा गड म्हणत. आजचें नांव त्याच्या मृत्यूनंतर पडलें.

हा राजा म्हणजे दुसरा लुडविग. त्याचा जन्म १८४५ चा. १८६४ सालीं बाप वारला तेव्हां अठरा वर्षांचा हा उंच, देखणा मुलगा बव्हेरियाच्या गादीवर बसला. गादीवर आल्यावर त्यानें केलेल्या पहिल्या कांहीं कामांपैकीं एक म्हणजे कर्जांत बुडालेल्या संगीतकार रिखार्ट वाग्नरला शोधून म्यूनिकला बोलावणें. दोनच वर्षांनीं, १८६६ मध्यें, ऑस्ट्रिया व प्रशिया यांच्यांत युद्ध जुंपलें. बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूनें लढली आणि हरली. पुढील तहानें युद्धाच्या प्रसंगीं बव्हेरियाची फौज प्रशियाच्या हुकमाखालीं जावी असें ठरलें. विसाव्या-एकविसाव्या वर्षीं या तरुणाला कळून चुकलें कीं, आपण राजे आहों ते नांवाचे. १८७० मध्यें तर बिस्मार्कनें मसुदा लिहून दिला आणि प्रशियाच्या राजानें जर्मनीचा सम्राट व्हावें अशी विनंति करणारें पत्र लुडविगला आपल्या हातानें लिहावें लागलें. त्याबद्दल त्याला गुप्तपणें पैसाही मिळत राहिला, आणि त्याला महाल बांधण्यासाठीं पैसा हवाच होता.

तारखा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे महालाचा अर्थ उलगडूं लागतो. पराभव १८६६ चा. १८६७ मध्यें लुडविगनें जर्मनींतील वार्टबुर्गचा जुना गड आणि फ्रान्समधील नव्यानें उभारलेला पिएरफोंचा गड पाहिला. १८६८ च्या मे महिन्यांत त्यानें वाग्नरला आपला बेत कळविला, आणि ५ सप्टेंबर १८६९ रोजीं कोनशिला बसली. जें सार्वभौमत्व राजकारणांत उरलें नव्हतें, तें दगडांत आणि रंगांत उभें करण्याचा हा उद्योग होता. त्याचा पहिला आराखडा कोणा शिल्पज्ञानें केला नाहीं. तो काढला क्रिस्टियान यांक या रंगभूमीचे पडदे रंगविणाऱ्या चित्रकारानें! त्यावरून प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे एडुआर्ड रीडेलनें केले. महाल दुरून नाटकांतील देखाव्यासारखा दिसतो याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. तो मुळांत तसाच कल्पिलेला आहे.

म्हणून ज्याच्या हातीं पुरा दिवस असेल त्यानें आधीं समोरचा पिवळा, बुटका होहेनश्वानगाउचा महाल पाहावा. त्याचें तिकीट निराळें असतें आणि घाईचे प्रवासी तो टाळतात; ती चूक होय. लुडविगच्या बापानें १८३३ ते १८३७ या काळांत एका पडक्या गडाची डागडुजी करून तो बांधविला, आणि लुडविगचें बाळपण तेथें गेलें. त्याच्या भिंतींवर मध्ययुगांतील दंतकथांचीं चित्रें आहेत. हंसानें ओढलेल्या नावेंतून येणारा वीर लोहेनग्रिन त्यांत आहे. मूल रोज उठून तीं चित्रें पाहत होतें. पुढें तोच मुलगा राजा झाल्यावर याच घराच्या खिडकींतून, दुर्बीण लावून, समोरच्या कड्यावर चढत जाणारें आपलें बांधकाम न्याहाळीत असे. खालच्या खिडकींतून वरचा महाल एकदां पाहून मग डोंगर चढणाऱ्याला निराळीच वास्तु दिसते.

आंत गेल्यावर सिंहासनाच्या दालनांत घटकाभर वर पाहणें थांबवून समोर पाहावें. दालन दोन मजले उंच आहे, बायझंटाइन थाटाचें आहे, मुकुटाच्या आकाराचें झुंबर आहे, पायांखालीं वनस्पति व प्राणी यांचीं चित्रें असलेली बारीक खड्यांची जमीन आहे. संगमरवरी पायऱ्या चढून जावें तों वर जागा रिकामी. सिंहासन तेथें कधीं आलेंच नाहीं. तें येण्यापूर्वींच राजा गेला. साऱ्या महालांत याहून बोलकी जागा दुसरी नाहीं. शयनगृहांतील लांकडावरील कोरीव कामाची सगळे तारीफ करतात आणि ती रास्तही आहे. पण वरच्या मजल्यावरील गायकांचें दालन अधिक विचार करावयास लावतें. पार्सिफालच्या कथेच्या चित्रांनीं सजविलेल्या त्या दालनांत लुडविगच्या हयातींत एकही मैफल झाली नाहीं. तेथें पहिली मैफल झाली ती १९३३ सालीं, वाग्नरच्या मृत्यूला पन्नास वर्षें झालीं तेव्हां. वाग्नरनें स्वतः तर हा महाल पाहिलाच नाहीं.

या मध्ययुगाच्या आड एकोणिसावें शतक लपलेलें आहे, आणि तें शोधण्यांत मोठी मौज आहे. भिंती विटांच्या आहेत, वरून मात्र पांढऱ्या दगडाचें आवरण. बांधकामावर वाफेचा यारीयंत्र चाले. सिंहासनाच्या दालनाचा भार लोखंडी सांगाड्यानें तोलला आहे. नळाचें पाणी, गरम हवेनें खोल्या ऊबदार ठेवण्याची सोय, नोकरांना बोलावण्यासाठीं विजेच्या घंटा, टेलिफोनसुद्धां! खालचें स्वयंपाकघर वगळून लोक दरवाजाकडे धांवतात. तसें करूं नये. गरम-थंड पाण्याच्या सोयीचें तें स्वयंपाकघर राजाच्या युगाविषयीं वरच्या साऱ्या शूरवीरांहून अधिक खरें बोलतें. येथें राबणाऱ्या मजुरांचाही विसर पडूं नये. आजारी कामगारांना वेतन मिळावें म्हणून १८७० मध्यें त्यांची एक मदतसंस्था निघाली होती आणि राजा तिला पैसे देत असे. राजाच्या बाजूनें ही एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

बाहेर वरच्या अंगणांत आल्यावर फरसबंदीकडे नजर टाकावी. जो भव्य चौकोनी बुरूज आणि त्यांतील प्रार्थनामंदिर या सर्वांचा मुकुटमणि व्हावयाचें होतें, त्याच्या पायाची आकृति तेथें जमिनींत दिसते. पाया झाला, पण बुरूज कधीं उठला नाहीं. योजना दोनशेंहून अधिक खोल्यांची होती. पुऱ्या सजल्या त्या सुमारें पंधरा. तेवढ्यावरही १८८६ पर्यंत एकसष्ट लाख मार्कांहून अधिक खर्च झाला. हा पैसा सरकारी तिजोरींतला नव्हता, राजाच्या खासगीतला आणि कर्जाऊ होता. पण एकंदर महालांपायीं कर्जाचा आंकडा एक कोटी चाळीस लाख मार्कांच्या घरांत गेला, आणि सावकार दाराशीं बसले.

मंत्र्यांनीं यावर जो उपाय काढला त्याचें समर्थन करणें कठीण आहे. डॉक्टर बेर्नहार्ड फोन गुडन व आणखी तिघा वैद्यांनीं राजाला समक्ष न तपासतां, इतरांच्या जबान्यांवरून, तो वेडा असल्याचा दाखला दिला. १८८६ च्या जूनमध्यें राजाला धरण्यासाठीं मंडळी या महालांत आली. पहिल्या खेपेस राजानिष्ठ लोकांनीं त्यांनाच दरवाजावरील इमारतींत अडकवून ठेविलें. दुसऱ्या खेपेस, १२ जूनच्या पहाटे, राजाला गाडींत घालून स्टार्नबेर्गच्या तळ्याकांठीं बेर्ग येथें नेण्यांत आलें. १३ जूनच्या रात्रीं राजा आणि डॉक्टर गुडन या दोघांचींही प्रेतें त्या तळ्याच्या पाण्यांत सांपडलीं. नेमकें काय घडलें याचा वाद आजही मिटलेला नाहीं. राजा चाळीस वर्षांचा होता, आणि या महालांत त्याचा मुक्काम सारा मिळून सहा महिनेही भरला नव्हता.

जेथें परक्याचें पाऊल पडूं नये अशी त्याची इच्छा होती, तो महाल १ ऑगस्ट १८८६ रोजीं, म्हणजे सात आठवड्यांत, तिकीट लावून लोकांना खुला झाला. आज रांगेंत उभा असलेला प्रत्येक जण त्या दिवसाच्या रांगेचाच शेवट आहे. दुसऱ्या महायुद्धांत याच एकांताचा उपयोग निराळ्या लोकांनीं केला: फ्रान्समधील ज्यू कुटुंबांच्या घरांतून नाझींनीं लुटलेल्या कलावस्तु येथें दडविल्या होत्या. १९४५ मध्यें अमेरिकन सैन्य आलें तेव्हां त्या वस्तूंबरोबर लुटीच्या नोंदीही हातीं लागल्या, आणि कित्येक वस्तु धन्याकडे परत जाऊं शकल्या. मार्गदर्शक याविषयीं फारसें बोलत नाहींत; विचारावें लागतें.

महाल उत्तम दिसतो तो पोल्लाटच्या घळीवरील मारियन पुलावरून. लुडविगच्या आईच्या नांवाचा हा पूल घळीच्या तळापासून सुमारें नव्वद मीटर उंच आहे. दुपारीं तेथें पाय ठेवावयास जागा नसते. सकाळीं लौकर किंवा शेवटची तुकडी आंत गेल्यानंतर जावें. हिंवाळ्यांत बर्फ पडल्यावर महाल फार सुंदर दिसतो, पण नेमका तेव्हांच पूल बंद ठेवतात. २४, २५ व ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे चार दिवस महालही बंद असतो. नाताळच्या सुटींत जाणाऱ्या कुटुंबानें हें आधींच ध्यानीं घ्यावें.

आणि म्यूनिकला परतल्यावर आणखी अर्धा दिवस हाताशीं असेल, तर स्थानिक आगगाडीनें स्टार्नबेर्गला जावें. तळ्याच्या पूर्वतीरानें बेर्गपर्यंत चालत गेलें म्हणजे झाडींत एक लहानसें प्रार्थनामंदिर लागतें. त्याच्या पायऱ्यांखालीं, कांठापासून थोड्या अंतरावर, पाण्यांत एक साधा क्रूस उभा आहे. तेथें तिकीट लागत नाहीं आणि गर्दीही नसते.